घरच्या सोलरवर गाडी चार्ज करणारे नागपूरकर आहेत का इथे? किती किलोवॅट बसवलं?

उंबराखाली
नमस्कार मंडळी. इथलं गाड्यांचं आणि विजेचं बरंच वाचत असते, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय. आमचं त्रिमूर्ती नगरला स्वतःचं दोन मजली घर आहे, खाली सासू-सासरे, वर आम्ही. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला 250 युनिट जळतात, एप्रिल-मे मध्ये कूलर आणि एक एसी सुरू झाला की 400 च्या वर जातं. नवऱ्याची कंपनी बुटीबोरीला, म्हणजे रोजचे 60 किमी, त्यात मुलीचे क्लास, बाबांचा दवाखाना, बाजार धरून महिन्याला 1500 किमी होतात. आताची पेट्रोल गाडी 14 चं अ‍ॅव्हरेज देते, आणि पेट्रोल लिटरला शंभरच्या वर, तेव्हा महिन्याला 11 हजार नुसतं पेट्रोलला जातात आणि ते मला फार खुपतं.

नवऱ्याचं म्हणणं हायब्रिड घेऊ, चार्जिंगची कटकट नाही. माझं म्हणणं आपल्या नागपूरचं ऊन एवढं फुकट पडतंय तर गच्चीवर सोलर बसवू आणि पूर्ण इलेक्ट्रिकच घेऊ. एक व्हेंडर येऊन गेला, तो म्हणाला 3 किलोवॅटमध्ये घर आणि गाडी दोन्ही होऊन जाईल. मला ते पटत नाहीये. आणि मुख्य शंका म्हणजे ऊन असतं तेव्हा गाडी बुटीबोरीला, आणि गाडी घरी येते तेव्हा सूर्य मावळलेला, मग या सगळ्याला अर्थ काय? ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा प्लीज. आणि हो, सासूबाईंचा प्रश्न, पॅनेल लावल्यावर कुरड्या-पापड वाळवायला गच्ची उरेल का?

तर्रीपोहे
शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा हाय ताई. सोलरवाल्यानं त्याचं उत्तर दिल्याबगर चेक देऊ नका 😄

बेसा_बायपास
दीड वर्षाच्या वर झालं, घरी 5 किलोवॅट आणि छोटी इलेक्ट्रिक हॅचबॅक (24 युनिटवाली बॅटरी). घ्या डोळे मिटून. पहिलं बिल आलं तेव्हा आमच्या आईनं ते देवघरात ठेवलं होतं. स्थिर आकार तेवढा येतो.

वीजतंत्री
उंबराखाली ताई, तुमची शंका बरोबर आहे आणि बहुतेक जण इथेच अडतात म्हणून सविस्तर लिहितो. मी याच धंद्यात आहे, वायरिंगचा, सोलर विकत नाही.

गाडी आणि ऊन एकाच वेळी घरी असायची गरज नाही कारण मध्ये नेट मीटर आहे. दुपारी तुमच्या पॅनेलनं तयार केलेली वीज घरात लागली तेवढी लागते, उरलेली लाईनवर जाते आणि ती मीटरमध्ये तुमच्या नावावर जमा होते. रात्री गाडीनं ओढलेले युनिट त्यातून वजा होतात. ग्रिड तुमची बँक समजा. हिशेब महिन्याचा होतो, तासाचा नाही.

आता 3 किलोवॅटचं बघू. नागपुरात 1 किलोवॅटला महिन्याला 120 युनिट सांगतात, चांगल्या महिन्यात येतातही, पण पावसाळा, धूळ, उन्हाळ्यातली गरमी सगळं धरून मी लोकांना 115 धरायला सांगतो. म्हणजे 3 किलोवॅटचे 345. घरालाच 250 पाहिजेत. गाडी, मध्यम एसयूव्ही धरली तर युनिटला साडेसहा किमी, 1500 किमीला 230 युनिट, वरून चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के वाया जातं ते धरून 260. बेरीज 510. भागिले 115 केलं की साडेचारच्या जवळ येतं, तेव्हा 5 घ्या. व्हेंडर 3 का म्हणतो? कारण पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर योजनेची सबसिडी 3 ला संपते. पहिल्या 2 किलोवॅटला 30-30 हजार, तिसऱ्याला 18, एकूण 78 हजार. 5 लावलं तरी तेवढीच मिळणार. पण सबसिडी संपली म्हणून गरज संपत नाही ना.

सीताबर्डी_किल्ला
वरच्या हिशेबाला +1. फक्त एक जोडतो, सोलर नसताना जर ही गाडी घरी लावली तर तुमचं बिल 300 च्या स्लॅबच्या वर जाईल, आणि तिथला युनिट सगळं धरून 15 रुपयांच्या पुढे पडतो. म्हणजे गाडीचेच साडेतीन-चार हजार. पेट्रोलपेक्षा कमीच, पण लोक जे "एक रुपयात किलोमीटर" सांगतात ते तिथं होत नाही. आपल्याकडे सोलर आणि गाडी ही जोडीनंच परवडतात.

हायवे_हमसफर
मी विरोधी बाजू मांडतो. माझ्याकडे स्ट्रॉंग हायब्रिड एसयूव्ही आहे, शहरात 20-22 देते, सिग्नलवर बंद पडून बॅटरीवर सरकते. ताईंच्या 1500 किमीला 75 लिटर, म्हणजे पावणेआठ हजार. सोलरचे अडीच-तीन लाख घालायचे नाहीत, चार्जर शोधायचा नाही. मी दर महिन्याला अकोल्याला जातो, कधी पुढं संभाजीनगर, मला रस्त्यात तास तास थांबणं जमत नाही. सगळ्यांनी इलेक्ट्रिकच घ्यावी असा जो सूर लागतो तो मला मान्य नाही. आणि हायब्रिडची बॅटरी पण घरी सोलरवर चार्ज करता आली तर सोन्याहून पिवळं, तशी काही सोय आहे का कोणाला माहीत?

वीजतंत्री
नाही दादा. आपल्याकडे 20 लाखाच्या आसपास जी स्ट्रॉंग हायब्रिड मिळतात त्यांना प्लगच नसतो. त्यांची बॅटरी पाऊण युनिटची असते, एक युनिटसुद्धा नाही, आणि ती इंजिन चालताना किंवा ब्रेक मारताना आपोआप भरते. म्हणजे शेवटी सगळी ऊर्जा पेट्रोलचीच, फक्त वाया कमी जाते. भिंतीवर लावून चार्ज करायची ती प्लग-इन हायब्रिड, ती इथं परदेशी महागड्या गाड्यांतच बघायला मिळते. त्यामुळे ताईंच्या घरात हायब्रिड आणि सोलर यांचा एकमेकांशी संबंध येणार नाही. सोलर फक्त घर चालवेल आणि गाडी पंपावर जात राहील.

हायवे_हमसफर
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. लांबच्या प्रवासाचा मुद्दा मात्र कायम आहे.

ऑरेंज_लाईन
गाडीच्या टपावरच पॅनेल लावलं तर? नेट मीटर नको, काही नको. बाहेर उन्हात उभी करायची आपली.

कट्टा_कॅपेसिटर
@ऑरेंज_लाईन, हा माझा आवडता विषय! टपावर जागा किती, 200-300 वॅटची. नागपूरच्या उन्हात आडवं पडलेलं पॅनेल दिवसाला एखादं युनिट देईल, म्हणजे पाच-सात किमी. ह्युंदाईनं सोनाटा हायब्रिडला 2019 मध्ये 205 वॅटचं छप्पर दिलं होतं, टोयोटानं प्रायसच्या प्लग-इनला दिलं. युरोपात दोन कंपन्यांनी अख्खी गाडीच पॅनेलनं मढवली, नेदरलँड्सची लाइटइयर आणि जर्मनीची सोनो, दोघींचं गाड्यांचं काम 2023 च्या सुरुवातीलाच थांबलं. आपल्या पुण्याच्या वेव्हची इव्हा मात्र मला पटते कारण ती मुळातच छोटी अन् हलकी आहे, छपरावरून वर्षाला 3000 किमी मिळतील असं कंपनी सांगते. तत्त्व हेच की गाडी जितकी हलकी तितकं छप्पर पुरतं. दीड टनाच्या एसयूव्हीला घराची गच्चीच पाहिजे.

आणि उन्हात उभी करायचं म्हणाल तर मे महिन्यात गाडी उन्हात ठेवून मिळवलेलं युनिट एसीनं आत थंड करण्यातच जाईल.

तर्रीपोहे
अन् सीटवर बसाचं कोनी? मे महिन्यात बारा वाजता बर्डीवर उभी केलेली गाडी, स्टेरिंगले हात लावून दाखवा 😂

गोधनी_रेल्वे
आमचे खासदार गडकरी साहेब 2022 मध्ये हायड्रोजनच्या गाडीत बसून संसदेत गेले होते, ती येईपर्यंत थांबायचं का मग?

कट्टा_कॅपेसिटर
थांबू नका. पंप कुठाय?

मनीषनगर_फ्लॅट
धाग्यावर सगळे बंगलेवाले दिसताहेत. आमचं काय? सात मजली बिल्डिंग, गच्ची सगळ्यांची, पार्किंगमध्ये माझा मीटर पण खाली आहे पण सोसायटीचे सेक्रेटरी वायर ओढू देत नाहीत, म्हणतात आग लागली तर कोण जबाबदार. दोन मीटिंगा झाल्या, विषय प्रत्येक वेळी "इतर" मध्ये घालतात. मी वैतागलोय.

सीताबर्डी_किल्ला
@मनीषनगर_फ्लॅट, दोन गोष्टी सोसायटीच्या टेबलावर ठेवा. एक, स्वतःच्या घरच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करायला मुभा आहे हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या गाइडलाइनमध्येच लिहिलंय. दोन, 2024 च्या ग्राहक हक्क नियमांच्या दुरुस्तीनंतर ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शनही मागता येतं. आणि सोसायटीच्या फायद्याचं बोला, सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, त्यात ईव्ही चार्जिंगही आलं, किलोवॅटला 18 हजार मिळतात. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे त्यावर चालतील आणि मेंटेनन्स कमी होईल. मेंटेनन्स कमी होतो म्हटलं की विषय "इतर" मधून वर येतो.

आगीचं म्हणाल तर सेक्रेटरींची काळजी अगदीच चुकीची नाही. नीट वायर, नीट ब्रेकर असलाच पाहिजे. तेवढं लेखी द्या त्यांना.

वीजतंत्री
यावर मला लिहायचंच होतं. आग गाडीमुळे क्वचितच लागते हो, बहुतेक वेळा सॉकेटमुळे लागते. 15 अँपिअरचा चार्जर तीन-साडेतीन तास सतत पूर्ण करंट ओढतो. गिझर दहा मिनिटांत बंद होतो, हा होत नाही. जुन्या घरात अडीच स्क्वेअरची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर, स्वस्तातला सॉकेट, त्याची पत्ती ढिली, मग ती तापते, पिवळी पडते, वितळते. मी असे सॉकेट काढलेत की प्लग आतच चिकटलेला. मीटरपासून सरळ वेगळी चार स्क्वेअरची तांब्याची वायर, मध्ये एकही जोड नाही, चांगला इंडस्ट्रियल सॉकेट, त्याला स्वतःचा एमसीबी (जास्त करंट ओढला की पडतो) आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पडतो). पहिल्या आठवड्यात चार्जिंग चालू असताना तासाभरानं सॉकेटच्या प्लेटला हात लावून बघा. कोमट चालेल, हात काढून घ्यावासा वाटला तर बंद करा.

बेसा_बायपास
आणि अर्थिंग!! अर्थिंगचं कोणी सांगत नाही. आमची गाडी आली मार्चमध्ये, चार्ज व्हायची झकास. मे लागला आणि चार्जरवर लाल दिवा, गाडी चार्जच घेईना. सर्व्हिस सेंटरवाले म्हणे गाडीत दोष नाही, वीजवाले म्हणे लाईनमध्ये दोष नाही. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनने येऊन मीटर लावला, अर्थ आणि न्यूट्रलमध्ये नको तेवढे व्होल्ट दाखवत होता. बाहेर येऊन अर्थिंगचा खड्डा उघडला तर आत माती भेगाळलेली, पार कोरडी, कोळसा आणि मीठ कधीच संपून गेलेलं. दोन बादल्या पाणी ओतलं आणि अर्ध्या तासात चार्जरचा दिवा हिरवा. काळी माती आपली, उन्हाळ्यात आटली की सळईला सोडून देते. नंतर केमिकल अर्थिंग करून घेतलं, तेव्हापासून त्रास नाही. तोवर आमच्याकडे रोज तुळशीला पाणी घातलं की उरलेलं अर्थिंगला 😀

वीजतंत्री
अगदी. सोलरवाल्यानं तीन अर्थिंग द्यायचे असतात, आकाशातल्या विजेसाठीच्या वीजरोधकाचा एक, पॅनेलकडच्या डीसी करंटचा एक, घराकडच्या एसी करंटचा एक. गाडीचा यात जोडू नका, तो वेगळा करा.

कोराडीचा_पोरगा
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. सगळे बिलाचंच बोलून राहिले. नेट मीटर म्हणजे बँक, बरोबर आहे, पण त्या बँकेत नोटा कोणत्या छापल्या जातात ते आमच्याकडे येऊन बघा. आमच्या गावातून कोराडीच्या अन् खापरखेड्याच्या कोळशाच्या वीज केंद्राचं धुराडं रात्रंदिवस दिसतं, कोराडीत तर 660 मेगावॅटचे तीन संच आहेत. राखेचं बारीक पीठ दोरीवरच्या कपड्यांवर, ओसरीवर, पाण्याच्या माठावर बसते. माझ्या वडिलांना दम्याचा त्रास. तुम्ही रात्री दहाला गाडी लावता तेव्हा तुमचं बिल शून्य येते पण गाडीत त्या वेळी जाते ती वीज कोळशाचीच असते. सोलरची गाडी म्हणून मिरवायचं तर ती दिवसा चार्ज करा.

सीताबर्डी_किल्ला
@कोराडीचा_पोरगा, त्रास मान्य, पण हिशेब पूर्ण करा. दुपारी यांच्या गच्चीवरून लाईनवर गेलेले युनिट शेजारच्या घरातल्या एसीनं वापरले, तेवढा कोळसा दुपारी कमी जळला. रात्री तेवढाच जळला. वजा-बेरीज शून्य. आणि पेट्रोल वाचलं ते वेगळंच.

कोराडीचा_पोरगा
कागदावर शून्य. संच दुपारी पूर्ण बंद करून संध्याकाळी सुरू करता येत नाही, तो हळूहळू खाली येतो, हळूहळू वर जातो. दुपारी सोलर जास्त अन् संध्याकाळी सात नंतर सगळ्यांचे दिवे, कूलर, टीव्ही, त्यात तुमच्या गाड्या पण सातलाच लागल्या तर संध्याकाळचा भार आणखी वाढेल अन् तो आमच्याच डोक्यावर. म्हणून म्हणतो, लावायचीच तर रात्री बारा नंतर लावा, नाहीतर सरळ दिवसा.

सीताबर्डी_किल्ला
संध्याकाळच्या भाराचा मुद्दा बरोबर आहे, तो मानतो. सरकारलाही तो कळलाय, 2023 च्या केंद्राच्या नियमात सौर तासांतली वीज नेहमीपेक्षा किमान 20 टक्के स्वस्त ठेवायला सांगितलंय, म्हणजे लोकांनी दिवसा वापरावी. उद्योगांना वेळेप्रमाणे दर आधीपासून आहेतच, आपल्या घरांपर्यंतही ते सरकत येताहेत. तसे दर पूर्ण लागू झाले की दुपारी विकून रात्री तेवढेच परत घेण्याचं गणित आजच्याइतकं सरळ राहील असं धरू नका. ज्याला दिवसा लावता येते त्यानं आत्तापासून सवय करावी.

रामटेकची_रेवा
मी हेच करते. शिक्षिका आहे, सकाळची शाळा, साडेबाराला घरी येते, एकपासून चारपर्यंत गाडी लावते. इन्व्हर्टरच्या अ‍ॅपवर त्या वेळी 3 किलोवॅट येताना दिसतात आणि गाडी तेवढेच घेते, मीटर जागच्या जागी. खरं सांगू, ते आकडे जुळताना बघायला मला फार आवडतं. उंबराखाली, तुमच्या यजमानांच्या कंपनीत विचारा ना, बुटीबोरीच्या किती शेडवर सोलर दिसतं आता. पार्किंगमध्ये साधा 15 अँपिअरचा सॉकेट दिला तरी पुरे.

उंबराखाली
बापरे, किती छान माहिती देताय सगळे! कंपनीचं विचारायला सांगितलंय. कोराडीच्या दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. नवरा शनिवार-रविवार घरी असतो, तेव्हा दिवसा लावू शकतो. रोजचे 60 किमी म्हणजे नऊ-दहा युनिट, तर 45 ची बॅटरी असेल तर दोन-तीन दिवस मध्ये न लावताही जातील ना?

बेसा_बायपास
आरामात. रोज लावायची मोबाइलसारखी सवय लागते लोकांना, गरज नसते.

अंबाझरी_ओव्हरफ्लो
एक भाबडा प्रश्न. लाईट गेली तर सोलरवर घर आणि गाडी चालेल ना? परवाच्या वादळात आमच्याकडे अख्खा दिवस नव्हती, आणि समोरच्यांच्या गच्चीवर पॅनेल असून त्यांच्याकडे पण अंधार, मला नवल वाटलं.

वीजतंत्री
नाही चालणार. ग्रिडवरचा साधा इन्व्हर्टर लाईन गेली की स्वतःहून बंद होतो, कडक ऊन असलं तरी. तो बंद झाला नाही तर तुमच्या गच्चीवरची वीज खांबावर जाईल आणि तिथं तार जोडणारा लाईनमन मरेल. म्हणून ते सक्तीचं आहे. लाईट गेल्यावरही हवी असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, तो बराच महाग पडतो, आणि घरच्या पाच युनिटच्या बॅटरीवरून गाडीची 45 भरायला जाऊ नका. पंखे-दिव्यांसाठी आहे तोच जुना इन्व्हर्टर ठेवा.

मार्चएंड
एक महत्त्वाची गोष्ट राहतेय सगळ्यांची. जमा झालेले युनिट कायम जमा राहत नाहीत! 31 मार्चला खातं बंद होतं, उरलेले युनिट वीज कंपनी अगदी कमी दरानं विकत घेते आणि 1 एप्रिलला तुम्ही शून्यावर. आता आपल्याकडचं बघा, ऑक्टोबर ते मार्च ऊन स्वच्छ, हवा थंड, कूलर बंद, म्हणजे युनिट साठतात. आणि नेमके एप्रिल-मे मध्ये कूलर-एसी लागायच्या तोंडावर ते हातातून जातात. इतर गावांपेक्षा नागपूरला हे जास्त लागतं. गाडी असण्याचा मोठा फायदा मला हाच वाटतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरून घ्या. ताडोबा, पेंच, शेगाव, काय करायचं ते. घरून पूर्ण भरून निघा, साठा वापरा. आणि पुढच्या वर्षी फार उरत असतील तर कळेल की पॅनेल जास्त झालंय.

हायवे_हमसफर
हे मस्त सांगितलं. आता मलाच मोह होऊन राहिला.

तर्रीपोहे
या या, तुमच्याचसाठी धागा काढला व्हता ताईनं 😄

ऊन_सावली
मी पॅनेलची कंपनी चालवत नाही, फक्त माझ्या गच्चीवर बारीक लक्ष ठेवते. लोकांना वाटतं मे मध्ये सगळ्यात जास्त वीज मिळेल. नाही मिळत तेवढी. पॅनेलला ऊन आवडतं, गरमी नाही. त्याची क्षमता 25 अंशाला मोजलेली असते आणि वरच्या प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्का कमी होते. बाहेर 45 असताना पॅनेल स्वतः 65 च्या घरात असतं, म्हणजे 14 टक्के तिथंच गेले. माझे सगळ्यात चांगले दिवस फेब्रुवारी-मार्चमधले, थंड वारा आणि निळं आकाश असलं की.

दुसरं, सावली. व्हेंडर एप्रिल-मे मध्ये येतो, ऊन डोक्यावर, टाकीची सावली पायाशी, आणि तो म्हणतो इथं लावू. आपल्याकडे मे च्या शेवटी शून्य सावलीचा दिवस येतो, त्या दिवसांत भर दुपारी कशाचीच सावली दिसत नाही. तेच डिसेंबरमध्ये बघा, भर दुपारी बारालासुद्धा टाकीची सावली तिच्या उंचीएवढी लांब उत्तरेकडे पडते, सकाळी नऊला त्याहून कितीतरी लांब. आणि एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली की साध्या जोडणीत पूर्ण रांगेचं उत्पादन उतरतं. म्हणून टाकी, जिन्याची खोली, शेजाऱ्याची नवी माडी, सगळ्याच्या दक्षिणेला पॅनेल घ्या. तोंड दक्षिणेला, कल 20-21 अंश, नागपूर 21 अक्षांशावर आहे म्हणून.

धुणं: पहाटे किंवा सूर्य गेल्यावर, तापलेल्या काचेवर पाणी मारायचं नाही. बोअरचं पाणी वापरलं की वाळल्यावर पांढरे डाग बसतात, ते नंतर घासूनही निघत नाहीत. नळाचं पाणी आणि मऊ पुसणी. आमच्याकडे वानरं येतात, ती पॅनेलवर बसून शेजारच्या पेरूच्या झाडाकडे बघत असतात, त्यांना काही उपाय सापडला असेल तर सांगा.

गोधनी_रेल्वे
वानरांना पेरू द्या, पॅनेलवरून उतरतील.

उंबराखाली
@ऊन_सावली, टाकी आमची बरोबर दक्षिणेच्या कोपऱ्यात आहे!! व्हेंडर तिच्या मागेच लावणार होता. आणि सासूबाई उत्तराची वाट बघताहेत हो.

ऊन_सावली
टाकी हलवा, प्लंबरचं काम आहे, पंचवीस वर्षांच्या पॅनेलपुढे काहीच नाही. कुरड्यांचं सांगते. 5 किलोवॅटला साधारण 500 चौरस फूट लागतात. उंच सांगाडा करून घ्या, आठ-नऊ फूट, खाली माणूस सरळ चालेल असा. पण खाली सावली येणार, तिथं कुरडई वाळणार नाही, शेवया कदाचित. म्हणून गच्चीची एक पट्टी, जिन्याजवळची, पूर्ण मोकळी सोडा आणि ते व्हेंडरला आराखड्यात काढायला लावा, तोंडी नको. माझ्या आईचं म्हणणं उलट आहे, चीक शिजवून वर आणून घालायला बसायचं ते पॅनेलच्या सावलीत आणि बाज तेवढी उन्हात सरकवायची, आता तिला ते उन्हात बसण्यापेक्षा बरं वाटतं.

बेसा_बायपास
सांगाडा नटबोल्टचा, गॅल्वनाइज्ड घ्या, जागेवर वेल्डिंग केलं की तिथूनच गंजतो. आणि आपल्याकडचं उन्हाळी वादळ लक्षात ठेवा, पाय स्लॅबमध्ये नीट बसवले पाहिजेत. खाली पार्किंगवर असाच सांगाडा करून गाडी सावलीत ठेवली तर आणखी उत्तम.

कट्टा_कॅपेसिटर
गाडीच्या बॅटरीबद्दल एकच. मे मध्ये हायवेवरून येऊन लगेच चार्जिंगला लावू नका, बॅटरी आधीच तापलेली असते, तासभर सावलीत उभी राहू द्या. घरी 15 अँपिअरवर सावकाश चार्जिंग तिला मानवतं. रोज 100 पर्यंत भरायची गरज नाही, मात्र एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असेल तर कंपनी अधूनमधून 100 करायला सांगते, ते करा, नाहीतर टक्केवारी चुकीची दाखवते.

मनीषनगर_फ्लॅट
अपडेट: नियमाचा कागद आणि 18 हजारांचं गणित घेऊन गेलो होतो. सेक्रेटरींनी स्वतःच विचारलं की लिफ्टचं बिल किती वाचेल. पुढच्या मीटिंगला विषय पहिला आहे. @सीताबर्डी_किल्ला मनापासून आभार.

कोराडीचा_पोरगा
छान बातमी.

उंबराखाली
आमचंही ठरलं, म्हणून लिहितेय. नवऱ्यानं हा पूर्ण धागा वाचला, दोन दिवस काही बोलला नाही, मग हायब्रिडची टेस्ट ड्राइव्ह रद्द करून इलेक्ट्रिकची घेतली. 5 किलोवॅट, उंच सांगाडा, टाकी जिन्याच्या खोलीवर उत्तरेला, जिन्याजवळ दहा बाय दहाची मोकळी जागा सासूबाईंच्या नावानं आराखड्यात. 7 किलोवॅटचा वॉल चार्जर घेत नाही, 15 अँपिअरच्या सॉकेटवर भागतंय. कंपनीनं सॉकेटला होकार दिला तर आठवड्यातले तीन दिवस तिथं, नाहीतर शनिवार-रविवार दुपारी घरी, आणि मध्ये लागलीच तर रात्री बारानंतर. संध्याकाळी सातला लावायची नाही हे घरात सगळ्यांना सांगितलंय. अर्ज भरण्याआधी आणखी काही बघायचं राहिलंय का?

वीजतंत्री
मंजूर भार बघा, बिलावर असतो. 5 किलोवॅटचा सोलर तेवढ्या भारावर मिळतो, तुमचा 3 असेल तर तो वाढवून घ्यावा लागेल, त्याचं अर्जातच विचारून घ्या. थ्री फेज करायला कोणी सांगितलं तर थांबा, तुमच्या वापराला सिंगल फेज पुरतंय आणि थ्री फेजचा स्थिर आकार जास्त येतो. सबसिडीला डीसीआर म्हणजे भारतात बनलेल्या सेलचेच पॅनेल लागतात, प्रत्येकाचा सिरीयल नंबर बिलावर लिहून मागा आणि चढवायच्या आधी खालीच जुळवून घ्या, वर गेल्यावर मागची बाजू दिसत नाही.

उंबराखाली
बिल काढून बघितलं, भार 3.3 आहे. उद्या अर्जासोबत वाढवायचं टाकते.